घरबागेतील नकोसे पाहुणे: साप, घुशी, गोगलगायी आणि गाजरगवत कमीत कमी इजा करून कसे हटवावेत?

कोल्हापूर शहरातून पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या दिशेने निघाले की सांगली फाट्याच्या पुढे महामार्गालगत शिरोली एमआयडीसी लागते. फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी ही वसाहत ओळखली जाते. पण जवळपास प्रत्येक भूखंडाच्या कडेला जास्वंद, नारळ, आंबा आणि थोडी हिरवळ असते. शेजारच्या शिरोली पुलाची, नागाव, टोप या गावांत घरामागे परसबाग असते. या बागांना दोन शेजारी आहेत. एका बाजूला उसाचे फड आणि दुसऱ्या बाजूला भंगार, लाकडी पॅलेट, टाकाऊ वाळूचे ढीग. उंदराला दोन्ही जागा सारख्याच आवडतात. आणि जिथे उंदीर, तिथे साप.

बागेत नको असलेला प्राणी दिसला की बहुतेकांना दोनच उपाय सुचतात, मारणे किंवा पकडून लांब सोडून येणे. पहिला उपाय अनेक प्राण्यांच्या बाबतीत गुन्हा आहे. दुसरा दयाळू वाटतो, पण बहुतेकदा तसा नसतो. अनोळखी जागी सोडलेल्या प्राण्याला बिळे, पाणी, शत्रू काहीच ठाऊक नसते. कर्नाटकातील आगुंबे येथे रेडिओ ट्रान्समीटर बसवून केलेल्या अभ्यासात, दूर नेऊन सोडलेला नागराज स्थानिक नागराजापेक्षा कितीतरी जास्त भटकताना आढळला. इकडे बागेत मोकळी झालेली जागा तशीच राहते. खाणे आणि आडोसा कायम असेल, तर तिथे दुसरा येतो. म्हणून तो का आला, हे आधी पाहावे लागते.

पाहुण्यांचे वेळापत्रक

शिरोली परिसरात हे पाहुणे वर्षभर सारख्या संख्येने येत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्राबाहेर आली की नदीकाठची बिळे पाण्याने भरतात आणि उंदीर, घुशी, साप उंच जागा शोधतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आले होते आणि वाहतूक थांबली होती. अशा वेळी बागेचा बांध, पायऱ्या, मीटरची पेटी, पार्किंगमधली गाडी हीच उंच जागा ठरते.

दुसरी लाट ऊसतोडीची. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात फड रिकामे होतात. महिनोन् महिने दाट असलेला आडोसा एका दिवसात नाहीसा होतो आणि त्यातले उंदीर, साप, उदमांजरे, मुंगसे शेजारच्या कुंपणाकडे सरकतात. तिसरी वेळ पावसाच्या तोंडावर येते. नाग आणि धामण यांची पिल्ले याच सुमारास अंड्यांतून बाहेर पडतात. घोणस अंडी घालत नाही, ती थेट पिल्लांना जन्म देते, आणि तिची पिल्लेही उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या सुरुवातीला दिसतात.

या तिन्ही वेळांच्या आधी बाग आवरली, तर पुढची बरीच धावपळ वाचते. गणपतीच्या साफसफाईपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नाग, घोणस, धामण, दिवड आणि घोरपड हे आता पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात पकडणे आणि सापळा लावणे हेही येते. मुंगूस, उदमांजर, मोर यांनाही संरक्षण आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला, तर कलम ११ नुसार तो गुन्हा ठरत नाही. मात्र कोपऱ्यात शांत पडलेला साप काठीने मारणे या सवलतीत बसत नाही.

उंदीर आणि घुशींची गोष्ट वेगळी. पूर्वी उंदीर पाचव्या, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होते. ती अनुसूचीच आता काढून टाकली आहे, पण घरात-बागेत उंदरांचा बंदोबस्त करायला मनाई नाही. तरी प्राण्याला विनाकारण यातना देण्यास १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आडवा येतो.

साप दिसला तर

सापापासून किमान सहा-सात फूट लांब राहावे. मुले, कुत्री-मांजरे आत घ्यावीत आणि घराचे बागेकडचे दार बंद करावे. मग एका माणसाने लांबूनच सापावर नजर ठेवावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. सर्पमित्र येईपर्यंत साप पॅलेटखाली शिरतो आणि पुढे चार दिवस सगळे घर धास्तावलेले राहते. वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे. परिसरातल्या नोंदणीकृत सर्पमित्राचा क्रमांक पावसाळ्याआधीच गेटवर लिहून ठेवलेला बरा. पकडलेला साप जवळच्या योग्य अधिवासात सोडायचा आणि वनविभागाला कळवायचे, अशी पद्धत आहे. त्याला गावभर मिरवणे, त्याच्यासोबत फोटो काढणे किंवा दूध पाजणे यातले काहीही त्या पद्धतीत नाही. साप दूध पचवू शकत नाही.

साप उघड्यावर असेल आणि त्याला निघून जायला वाट असेल, तर अनेकदा काहीच करावे लागत नाही. भोवतीची माणसे हटली की तो जातो. बागेत सर्वांत जास्त दिसते ती धामण. ती बिनविषारी असते, उंदीर खाते आणि नाग समजून सर्वांत जास्त मारली जाते. तिचे डोळे मोठे असतात, ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात आणि ती फणा काढत नाही. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यातही गोंधळ होतो. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडे मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि मागे पुसट होत जातात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. पण ही माहिती मन शांत ठेवण्यासाठी आहे. ओळख पटली म्हणून हात घालू नये. फोटो काढायचा तर झूम करून.

गंधक, फिनेल, रॉकेल, लसूण, कार्बोलिक अॅसिड शिंपडल्याने साप येत नाहीत, असे ठामपणे सांगता येत नाही. फिनेल आणि अॅसिडने माती, गांडुळे आणि पाळीव प्राणी यांचे मात्र नक्की नुकसान होते. त्याऐवजी पॅलेट व लाकडे जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर ठेवावीत, भिंतीलगत दोन-तीन फूट पट्टा झाडोऱ्याविना ठेवावा, दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करावी आणि सांडपाण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. जाळीचे भोक पाव इंचापेक्षा मोठे नको. भाजीच्या वाफ्यावर टाकलेली नायलॉनची जाळी मात्र काम झाले की गुंडाळून ठेवावी. तिच्यात धामण अडकली की जितकी धडपड करते तितकी जाळी कातडीत रुतते. अशा सापाला हाताने न सोडवता सर्पमित्राला बोलवावे.

कंपोस्टचा ढीग मे-जूनमध्ये उकरताना चिकटलेल्या पांढऱ्या, मऊ कवचाच्या अंड्यांचा घोस निघू शकतो. तो हलवू नये, उलटा करू नये. ढीग पुन्हा हलके झाकून १९२६ वर कळवावे.

दंश झाला तर जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे हे काहीही करू नये. माणसाला चालू देऊ नये, दंश झालेला अवयव हलणार नाही असा ठेवावा, अंगठी-कडे काढावे आणि १०८ ची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांचे सीपीआर, हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. सोबत मारलेला साप नेण्याची गरज नसते, कारण आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मरतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. गेटजवळच्या खोलीत जमिनीवर झोपणाऱ्या वॉचमनसाठी खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा बागेतल्या कोणत्याही उपायापेक्षा मोठा उपाय आहे.

उंदीर आणि घुशी: खरे काम इथे

साप नको असेल तर उंदरांपासून सुरुवात करावी लागते. आणि इथेच दयेचा प्रश्न सर्वांत अवघड होतो.

आधी जेवण बंद. कॅन्टीनचे खरकटे झाकणाच्या डब्यात, पक्ष्यांना टाकलेले धान्य संध्याकाळी उचललेले, कुत्र्याचे ताट रात्री आत, पडलेली फळे रोज वेचलेली. कंपोस्टमध्ये शिजवलेले अन्न घालू नये. सुका पाला आणि भाजीची देठे पुरतात. मग राहण्याची जागा. घूस भिंतीच्या पायाशी खणते. तिथे मजबूत लोखंडी जाळी दीड-दोन फूट खोल उतरवून तळाशी बाहेरच्या बाजूला एल आकारात वळवली, की खणताना ती आडवी येते.

बीळ बुजवण्याआधी ते रिकामे आहे का हे पाहावे. तोंडाशी कागदाचा किंवा गवताचा सैल बोळा ठेवायचा. तीन रात्री तो हलला नाही, तर आत कोणी नाही. मग दगड आणि माती भरावी. बिळात उकळते पाणी, धूर किंवा मिरचीची धुरी सोडणे क्रूर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. घुशीचे बीळ रिकामे झाले की तिथे नाग राहायला येऊ शकतो.

विषाने काम सोपे वाटते, पण त्याची किंमत दुसरेच मोजतात. रक्त पातळ करणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने उंदीर काही दिवसांत आतल्या रक्तस्रावाने मरतो. तोवर तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. तो खाल्लेले गव्हाणी घुबड, मांजर, मुंगूस किंवा धामण यांच्या अंगातही ते औषध जाते, म्हणजे जे फुकट उंदीर मारत होते तेच आधी कमी होतात. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर माणसासाठीही उतारा नाही. लहान मुले असलेल्या घरात ती ठेवूच नये.

चिकट फळ्या, म्हणजे ग्लू ट्रॅप, हा सर्वांत यातनादायक सापळा. त्यावर अडकलेला जीव तासन् तास, कधी दिवसभर धडपडतो. पाली, चिमण्या, सापाची पिल्लेही त्यावर चिकटतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने अशा सापळ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत. चुकून एखादा पक्षी किंवा साप चिकटला, तर कडेने खाद्यतेल हलके लावत डिंक सैल करता येतो. सापाच्या बाबतीत हेही सर्पमित्रानेच करावे.

राहिला पिंजरा. भाजलेले खोबरे किंवा शेंगदाणा लावून तो भिंतीला लागून ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने चालतो. वर गोणपाट टाकावे आणि पहाटे न चुकता पाहावे. पण सापडलेल्या उंदराचे काय करायचे? शेजारच्या भूखंडात किंवा पंचगंगेच्या काठावर सोडणे म्हणजे आपली डोकेदुखी दुसऱ्याला देणे. जवळ सोडला तर तो परत येतो. लांब सोडला तर बहुधा फार जगत नाही. बादलीत बुडवणे हा आपल्याकडचा जुना रिवाज, पण त्यात मरण सावकाश येते. संख्या खरोखर वाढली असेल आणि मारणे टाळता येत नसेल, तर झटक्यात मान मोडणारा मजबूत चाप हा त्यातला कमी यातनेचा मार्ग आहे. तो लाकडी पेटीत ठेवावा, पेटीला उंदराएवढेच भोक असावे, म्हणजे खार किंवा मैना त्यात सापडत नाही. हाताळताना हातमोजे घालावेत. पावसाळ्यात उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करू नये.

उदमांजर, मुंगूस, घोरपड, मोर

यातले कोणीही बागेत फार काळ उपद्रव देत नाही. उदमांजर छताच्या पोकळीत राहायला आले असेल, तर ते रात्री बाहेर पडते. छताच्या फटीवर बाहेरच्या बाजूने वरून टांगलेली जाळीची झडप लावली, की त्याला बाहेर जाता येते, आत येता येत नाही. त्याआधी दिवसा आतून पिल्लांचा आवाज येतो का ते ऐकावे. पिल्ले असतील तर ती आईमागे निघेपर्यंत थांबावे. नाहीतर आई बाहेर आणि पिल्ले आत राहतात आणि पुढच्या आठवड्यात वासाने काय झाले ते कळते. मोराने कोवळी रोपे खाल्ली, तर रोपांवर काही आठवडे बांबूचे खुराडे उपडे घालावे. माकडांना एकदा केळे दिले की ती पत्ता विसरत नाहीत.

मधमाश्या

पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच झाडावर लटकलेले आग्या मोहोळ काही महिन्यांनी स्वतःहून उठून जाते. ही माशी हंगामाप्रमाणे स्थलांतर करते. खालून माणसांची ये-जा नसेल, तर थांबणे उत्तम. त्या बाजूचा रात्रीचा दिवा बंद ठेवावा आणि यंत्राचा धूर, दगड, फटाके यांपासून ते दूर राखावे. पेटते टेंभे लावून मोहोळ उतरवण्याने माशांबरोबर माणसेही जखमी होतात.

भिंतीच्या पोकळीत किंवा जुन्या पेटीत राहणाऱ्या सातेरी माश्यांना मात्र नवे घर देता येते. प्रशिक्षित मधपाळ पोळ्याचे तुकडे चौकटीला बांधून अख्खी वसाहत लाकडी पेटीत हलवतात. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातच भुदरगड तालुक्यातले पाटगाव ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. त्यामुळे माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही. झाडावर अचानक येऊन लोंबकळलेला थवा बहुधा एक-दोन दिवसांत पुढे जातो. त्याला हातही लावू नये.

गोगलगायी

मोठी आफ्रिकन गोगलगाय मूळची इथली नाही. ती १८४७ साली कोलकात्यात आणून सोडली गेली आणि तिथून पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवमध्ये गोगलगायींनी सोयाबीनची उगवण फस्त केली होती. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते आणि एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालू शकते. त्यामुळे जूनमध्ये दुर्लक्ष झाले की ऑगस्टमध्ये वाफा जातो.

गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरावे. सकाळी त्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या सापडतात. त्या हातमोजे घालून किंवा चिमट्याने वेचाव्यात, कारण त्यांच्या अंगावर माणसाला अपायकारक कृमी असू शकतात. वर मीठ टाकणे हा सर्वपरिचित उपाय, पण त्यात ती तडफडत मरते आणि माती खारट होते. जाड पिशवीत घालून एका घावात ठेचणे ऐकायला वाईट वाटते, तरी तिच्या बाजूने पाहिले तर तेच बरे. नदीकाठी किंवा शेजारच्या उसात सोडणे हा पर्याय नव्हे. सोबत ओल्या विटा आणि कुंड्यांच्या तळाखालची पांढरी, वाटाण्याएवढी अंडी शोधून चिरडावीत, आणि पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालावे. रात्री वाफा कोरडा राहिला की त्यांना फिरता येत नाही.

नकोशी झाडे

गाजरगवत, ज्याला अनेकजण काँग्रेस गवत म्हणतात, भारतात १९५५ मध्ये पुण्यात नोंदले गेले. मोकळा भूखंड, भरावाची माती आणि रस्त्याची कड या त्याच्या आवडीच्या जागा, म्हणजे औद्योगिक वसाहत त्याला घरासारखीच. एक झाड हजारो बिया टाकते. म्हणून फुले येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवा. याच्या स्पर्शाने त्वचेवर पुरळ आणि परागकणांनी दम्याचा त्रास होतो. फुले आली असतील तर ते कंपोस्टमध्ये घालू नये. १९८०च्या दशकात मेक्सिकोहून बंगळूरला आणलेला भुंगेरा आता महाराष्ट्रातही पसरला आहे. पावसाळ्यात गाजरगवताची पाने चाळणीसारखी दिसली, तर तो कामाला लागला आहे असे समजावे आणि तिथे फवारणी करू नये. मोकळ्या पट्ट्यात पावसाच्या सुरुवातीला तरोट्याचे बी टाकले, तर तो दाट वाढून गाजरगवताला जागा ठेवत नाही.

लव्हाळा याहून चिवट. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या असतात आणि कुदळीने तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचे नवे रोप होते. काळे प्लास्टिकही तो भोसकून वर येतो. त्याला सावली सोसत नाही, हीच त्याची कमजोरी. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठेवून गाठी उन्हात वर काढाव्यात आणि पावसात तिथे रताळे किंवा भोपळ्याचा दाट वेल पसरू द्यावा. हरळीसाठी वेगळी युक्ती नाही, चिकाटीने धागे ओढत राहावे लागतात. दुर्वांसाठी एक कोपरा ठेवायचा असेल तर तो विटांनी बांधून घ्यावा.

घाणेरी किंवा टणटणी वरून छाटली की दुप्पट फुटते. बुंध्याच्या खाली, मातीत दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे करून ठेवले, तर फूट येत नाही. तिची फळे बुलबुल खातात आणि बिया तारेच्या कुंपणाखाली पेरतात, त्यामुळे पुढची दोन पावसाळे तिथे नव्या रोपांवर लक्ष ठेवावे. तोडताना आत घरटे नाही ना, हे पाहून घ्यावे. हौसेने टाकीत वाढवलेली जलपर्णी नकोशी झाली, तर ती नाल्यात टाकू नये. तो नाला पंचगंगेला मिळतो. उन्हात वाळवून तिचे खत करावे.

भिंतीत उगवलेला पिंपळ बोटाएवढा असताना पावसात सहज निघतो. मनगटाएवढा झाला की गवंडी बोलवावा लागतो. आणि नकोसे झाड जुने आंबा, फणस, जांभूळ किंवा साग असेल, तर ते स्वतःच्या जागेत असले तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. फांदी भिंतीवर आली एवढीच तक्रार असेल, तर ती एकच फांदी छाटून काम भागते.